दारूचे माप

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लष्करातील जुन्या वाड्याचा माळा उपसावा लागला. वाडा विकला गेला होता आणि घेणाऱ्याला तो महिन्याच्या आत रिकामा हवा होता. माळ्यावर जे असावयाचे ते सारे होते: तुटका पाळणा, जोडीतली एकच समई, कसर लागलेला दरबारी अंगरखा, आणि अगदी कोपऱ्यात एक पत्र्याची ट्रंक, जिला आजीने हयातभर कोणाला हात लावू दिला नव्हता. कुलूप तोडले. आत शिकारीच्या काडतुसांचे सामान निघाले. पुठ्ठ्याच्या काडतुसाची कड आत वळविण्याचे, टेबलाला आवळावयाचे एक यंत्र, उडालेली टोपी काढण्याची टोचणी, नमद्याच्या चकत्यांची पुडी, लाकडी मुठीचे एक पितळी माप, सात भरलेली बारा बोअरची काडतुसे आणि एक गंजका, रिकामा डबा. काडतुसे त्याच दिवशी कोतवालीत जमा केली. बाकीचे सामान घरी आणले आणि ते माप हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो.

कारण आमच्या आजोबांच्या डाव्या हाताला दोन बोटे नव्हती. १९३४ सालच्या थंडीत शिवपुरीच्या रानात तितरांवर बार टाकताना त्यांच्या दुनळीची डावी नळी मुळाशी फाटली. घरात ही हकीकत आम्ही एकाच तऱ्हेने ऐकत आलो. काडतुसे भरण्याचे काम एका जुन्या चाकराकडे होते. त्याने भांगेच्या तारेत एकाच काडतुसात दोनदा दारू भरली. आजोबांनी मोठ्या मनाने फौजदारी केली नाही, पण दुसऱ्याच दिवशी त्याला घालवून दिले. पुढे आमच्या घरात कोणी निष्काळजीपणा केला, की त्याला त्या चाकराच्या नावाने हाक मारीत. मीही माझ्या धाकट्या भावाला ती मारलेली आहे.

हे सारे मी तसेच धरून बसलो असतो, परंतु दोन वर्षांपूर्वी माझे भाच्याकडे अमेरिकेत जाणे झाले. भाचा ओहायोत असतो. आठवडाभर कचेरीत संगणकापुढे बसतो आणि रविवारी सहाशे यार्डांवरच्या निशाणावर रायफल मारतो. आपली काडतुसे तो स्वतः भरतो. एकदा उडालेल्या काडतुसाचे पितळी कवच टाकून न देता साच्यातून दाबून मूळ मापाचे करावयाचे, तळाशी नवी टोपी बसवावयाची, आत दारू ओतावयाची आणि तोंडाशी गोळी बसवावयाची. याला तिकडे हँडलोडिंग म्हणतात. त्या देशात हा लक्षावधी लोकांचा उघड आणि कायदेशीर छंद आहे. कोणी पैसे वाचावेत म्हणून करतो, कोणी जुन्या बंदुकीची काडतुसे बाजारात मिळत नाहीत म्हणून, आणि भाच्यासारखे लोक नेम केसभर सुधारावा म्हणून. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा कोणाच्या माळ्यावर असली ट्रंक असली तर तीतील यंत्र फिरवून पाहण्याचा मोह धरू नये. भरलेले काडतूस किंवा दारू सापडल्यास ठाण्यावर कळवावे हे बरे.

मला वाटले होते, हा लोहारकामासारखा छंद असेल. भाच्याच्या गराजात पाहतो तो टेबलावर सर्वांत मळलेली वस्तू म्हणजे पुस्तक! एक नव्हे, चार. त्याच्या क्लबातील एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्याला सांगितले होते, की पहिले दोन महिने यंत्र घेऊ नकोस, पुस्तके घे. आणि पुढचा भाग दोनदा वाचल्यावाचून मागचे तक्ते उघडू नकोस. "मामा," भाचा म्हणाला, "मी तक्तेच आधी उघडले. सगळे तेच करतात." मी चाळीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले. उत्तर आधी पाहून मागाहून प्रयोगाचे आकडे लिहिणारे विद्यार्थी मी इतके पाहिले आहेत, की त्या वाक्याने मला अगदी घरी आल्यासारखे वाटले.

या पुस्तकांची परंपरा जुनी आहे. जॉन बार्लो या गृहस्थाने १८८४ साली कनेक्टिकटमध्ये काडतुसे भरण्याची हत्यारे करणारी 'आयडियल' कंपनी काढली आणि हत्यारांबरोबर माहितीच्या पुस्तिका काढावयास सुरुवात केली. पुढे १९२५ त ती कंपनी लायमन यांच्याकडे गेली, आणि लायमनचे पुस्तक आजही निघते. १९३७ साली फिलिप शार्प याने या विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. पण हा छंद खरा बोकाळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लढाई संपली आणि सरकारजवळ दारूचे डोंगर उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने ती उरलेली दारू विकत घेऊन हौशी लोकांना किरकोळीने विकावयास काढली. आता दारू आली. पण किती घालावयाची? तोफेसाठी केलेल्या दारूचे रायफलीतील प्रमाण कोणत्या पुस्तकात असणार? ते कोणीतरी आधी मोजून छापावे लागले. दारू विकणाऱ्याने तिच्याबरोबर आकडेही द्यावयाचे, हा शिरस्ता त्या धंद्यात असा रुजला, आणि आज प्रत्येक दारू करणारी व गोळ्या करणारी कंपनी आपापले तक्ते छापते.

आता हा छापील आकडा म्हणजे काय, हे नवशिक्याला प्रथम समजले पाहिजे. आणि नेमके तेच त्याला समजत नाही. तो त्याला पाककृती समजतो. अमुक वाट्या रवा, तमुक वाट्या साखर. वास्तविक तो एका प्रयोगाचा अहवाल आहे. अमुक लांबीच्या चाचणीच्या नळीत, अमुक कारखान्याचे कवच, अमुक टोपी, अमुक वजनाची व अमुक घडणीची गोळी, ती इतकी आत बसविलेली, आणि दारूचा अमुक घाणा घेऊन दाब मोजला तेव्हा एवढा भरला, एवढेच तो आकडा सांगतो. यातील एक वस्तू बदला, की तो अहवाल तुमचा राहत नाही. लष्करी कवचाचे पितळ जाड असते, म्हणून आत जागा कमी आणि दाब जास्त. टोपी तापट घेतली तर दाब जास्त. पिस्तुलाच्या लहानशा काडतुसात गोळी थोडी अधिक आत दाबली गेली, तरी दाब एकदम चढतो. म्हणूनच दोन चांगल्या पुस्तकांत एकाच दारूचे व एकाच वजनाच्या गोळीचे आकडे वेगळे येतात. नवशिका म्हणतो, यातला एक चुकला असला पाहिजे. आणि सोयीचा, म्हणजे मोठा, तो खरा धरतो. चुकलेला कोणीच नसतो. प्रयोग दोन असतात.

दाब मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जुनी रीत अशी: चाचणीच्या नळीला भोक पाडून त्यात एक दट्ट्या बसवावयाचा आणि दट्ट्यावर तांब्याची छोटी गोटी ठेवावयाची. बार उडाला की दट्ट्या त्या तांब्यास चेपतो. किती चेपले ते मोजून दाब ठरवावयाचा. पुढे दाबाखाली वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकाची रीत आली. स्फटिक क्षणाक्षणाचा दाब टिपतो. तांबे जरा सुस्त. त्यामुळे दोन्ही रीतींचे आकडे जुळत नाहीत. अमेरिकेत स्पोर्टिंग आर्म्स अँड अ‍ॅम्युनिशन मॅन्युफॅक्चरर्स इन्स्टिट्यूट ही कारखानदारांची संस्था १९२६ पासून काडतुसांच्या दाबाच्या मर्यादा ठरविते. तिच्या कोष्टकात टू-सेव्हंटी विंचेस्टर आणि टू-ट्वेंटी-थ्री रेमिंग्टन या दोन्ही रायफलींची तांब्याच्या रीतीची मर्यादा ५२,००० च आहे. परंतु स्फटिकाच्या रीतीने पहिलीची चौरस इंचास ६५,००० पौंड आणि दुसरीची ५५,००० पौंड! एकाने गुणून दुसरा काढीन म्हणणाऱ्याची गणिते येथेच संपतात. जुने पुस्तक व नवे पुस्तक शेजारी ठेवून त्यांची सरासरी काढणारे महाभाग असतात असे भाच्याने सांगितले, तेव्हा मला माझे काही विद्यार्थी आठवले.

हे पौंड म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. आपला स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतली वाफ बाहेरच्या हवेपेक्षा चौरस इंचास सुमारे १५ पौंडांनी वरचढ असते. थर्टी-ऑट-सिक्स या नेहमीच्या रायफलीची मर्यादा ६०,००० आहे. चार हजार कुकर! आणि ते डोळ्यांपासून चार बोटांवर.

म्हणून पुस्तके प्रत्येक दारूपुढे दोन आकडे देतात, आरंभाचा व कमालीचा. जेथे एकच, कमालीचा, दिलेला असतो तेथे सामान्य प्रघात असा, की दहा टक्के खाली सुरुवात करावी आणि थोडे थोडे चढत जावे. चढताना काय पाहावयाचे? टोपी चपटी झाली काय, बोल्ट उघडण्यास जड जातो काय, कवचाच्या तळावर चकाकी उमटली काय. पण ही चिन्हे फसवी आहेत. मऊ टोपी निष्कारण चपटी होते; आणि उलट काही वेळा दाब मर्यादा ओलांडून गेला तरी एकही चिन्ह दिसत नाही. चिन्ह दिसले तर थांबावे हे खरे. चिन्ह नाही म्हणून पुढे जावे हे खरे नाही. हा फरक भाच्याने मला टेबलावर दोन उडालेली कवचे ठेवून दाखविला. एक मऊ टोपीचे, दुसरे कडक टोपीचे. सौम्य बार कोणता हे मला ओळखावयास सांगितले, आणि मी चुकलो.

एखाद्यास वाटेल, मग भीती कसली? कमीच घालावी म्हणजे झाले. हाही सापळाच. हॉजडनची एच ११० नावाची दारू आहे. तिच्या छापील आकड्यातून तीन टक्क्यांहून अधिक कमी करू नये असे ती कंपनीच बजावते. कमी भरली तर ती नीट पेट घेत नाही आणि गोळी नळीतच अडकून राहते. मागाहून दुसरा बार टाकला, की पुढे वाट बंद! नळी फुगते किंवा फाटते. गेल्या हिवाळ्यात भाच्याच्या शेजारी उभ्या असलेल्या एकाचा बार 'ठो' न होता नुसता 'फट्' झाला. भाचा ओरडला, "थांब!" त्याने बंदूक उघडून नळीत गज घातला तो गज अर्ध्यावर अडला. आवाज नेहमीसारखा आला नाही तर बंदूक खाली, हा तेथील पहिला पाठ.

नावांचा घोटाळाही असाच जीवघेणा. युद्धानंतर हॉजडनने विकलेल्या एका दारूचा क्रमांक ४८३१ होता. १९७० नंतरच्या दशकात ड्यू पाँट कंपनीने आय. एम. आर. ४८३१ या नावाने आपली दारू बाजारात आणली. आकडा तोच, पण ही थोडी जलद जळणारी. जुन्याचा कमाल आकडा नवीत घालणे म्हणजे मर्यादेच्या पलीकडे जाणे. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, बाकीचे कपाटात. दारू आपल्याच मूळ डब्यात राहील, दुसऱ्या बरणीत कधीच नाही. आणि डबा कोणता याचा क्षणभर जरी संशय आला तरी ती दारू वापरावयाची नाही. टोप्याही मूळ खोक्यातच, कारण काचेच्या बाटलीत एकत्र ओतलेल्या टोप्या म्हणजे एक लहानसा बाँबच. काम चालू असता विडी नाही, गप्पा नाहीत, दूरदर्शन नाही. आणि शिशाला हात लागलेला असतो, तेव्हा साबणाने धुतल्यावाचून चहाचा कप उचलावयाचा नाही. पिस्तुलाच्या काही दारूंचे प्रमाण इतके थोडे असते, की एकाच कवचात दुप्पट पडली तरी वरून सांडत नाही. भाचा दारू घातलेली पन्नास कवचे एका लाकडी ठोकळ्यात उभी करतो आणि गोळी बसविण्यापूर्वी विजेरी घेऊन प्रत्येकात डोकावतो. पन्नास वेळा! मी विचारले, कधी काही सापडले काय? म्हणाला, "चार वर्षांत एकदा." ते एकदा कसे दिसले, हे त्याने सांगितले नाही, मीही खोदून विचारले नाही.

आणि वजन. तिकडे दारू ग्रेनमध्ये तोलतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. पौंडात ७,००० दाणे. ग्रॅमशी त्याचा काही संबंध नाही. एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेन भरतात, आणि तराजूवरचे बटण चुकून ग्रॅमवर राहिले तर काय होईल हे सांगावयास नको. आपल्या सराफ्यातल्या जुन्या माणसांना ग्रेन परका वाटू नये. इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा, आणि तोळ्याच्या ९६ गुंजा. म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जड. अर्ध्या गुंजेने बाराच्या स्वभावात फरक पडतो.

आता त्या पितळी मापाकडे येतो. त्याच्या दांडीवर आकडे कोरले आहेत: अडीच, पावणेतीन, तीन, सव्वातीन. हे ड्रॅम होत. ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, सुमारे सव्वासत्तावीस ग्रेन. माप काळ्या दारूचे. काळी दारू वजनाने नव्हे, मापाने भरीत. ती बिचारी सोशिक, थोडे अधिकउणे चालवून घेणारी. बारा बोअरमध्ये तीन ड्रॅम म्हणजे रास्त भरणा. मग १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने रायफलीसाठी बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि पुढील काही वर्षांत त्या जातीच्या नाना दारू निघाल्या. शिकारी लोकांपाशी जुनीच मापे होती. तेव्हा काही कारखान्यांनी मुद्दाम फुसफुशीत दारू केली, जी काळ्या दारूच्या मापाने तेवढीच भरावी आणि काम तेवढेच व्हावे. येथवर ठीक. पण त्याच सुमारास दुसऱ्या जातीच्या, घट्ट दाण्याच्या दारूही आल्या. त्यांचे काम काळ्या दारूच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या वजनात होते. तीन ड्रॅमचे माप या दारूने भरणे म्हणजे दोन काडतुसांहून अधिक एकात कोंबणे. दोन्ही एकाच दुकानात, सारख्याच डब्यांत मिळत. कहर म्हणजे अमेरिकेत काडतुसांच्या खोक्यावर 'तीन ड्रॅम समतुल्य' असे अजूनही छापलेले आढळते. त्याचा अर्थ आत तीन ड्रॅम दारू आहे असा नव्हे. तीन ड्रॅम काळी दारू जो वेग देईल तो वेग ही देते, इतकाच. नवशिका अजूनही त्यावर घसरतो, असे ती पुस्तके दर आवृत्तीत लिहितात.

त्या रात्री मी ट्रंकेतला गंजका डबा लिंबाने आणि जुन्या धोतराच्या चिंधीने हळूहळू पुसला. लेबलाचा वरचा भाग गेला होता. खाली चार ओळी राहिल्या होत्या. त्यांत बारा बोअरसाठी ग्रेनचा आकडा होता, आणि त्याखाली जाड ठशात इंग्रजीत छापले होते, की ही दारू तोलूनच घ्यावी, काळ्या दारूच्या मापाने भरू नये.

डबा घट्ट दाण्याच्या दारूचा होता. माप अद्याप तीन ड्रॅमवर आवळलेले होते. त्याचा खिळा नव्वद वर्षांत गंजून तेथेच बसला आहे. ट्रंकेत तराजू नव्हता.

नळी फाटण्यास दुसरीही कारणे असू शकतात. तोंडात चिखल गेला असेल, नमद्याची चकती अडकली असेल. प्रयोगशाळेत मी कोणत्याही विद्यार्थ्याला एवढ्या पुराव्यावर निष्कर्ष काढू दिला नसता. तरीही, ज्या माणसाने आयुष्यभर काळी दारू मापाने भरली त्याच्या हाती नवा डबा देण्यात आला. त्यावरील सूचना त्याला वाचता येत नव्हती. आमचे आजोबा दरबारात इंग्रजी पत्रव्यवहार पाहत.

भाच्याला हे फोनवर सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मामा, त्या माणसाचे घरचे कोणी आहे का?" आहे. त्याचा नातू याच शहरात असतो, माझ्याहून थोडा लहान असेल. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो. डबा मी कागदात गुंडाळून ठेवला आहे. येत्या रविवारी जावयाचे आहे.